रकान्यातलं तुझं नाव

वायाला, ऑस्ट्रेलिया
३ ऑगस्ट

प्रिय मारिविक,

मी बरा आहे, पोटभर जेवतो. आईचा गुडघा कसा आहे?

इथे वेल्डर हवेत, म्हणून राज्य सरकार व्हिसासाठी माझी शिफारस करायला तयार आहे, पण त्याला ठरावीक गुण भरावे लागतात. या लहान गावात राहायचं कबूल केल्याचे पंधरा गुण मिळतात, तरी पाच कमीच पडतात. एकोणतीस तारखेला मला चाळीस पूर्ण होतील, मग वयाचेही दहा जातील.

काल एजंट म्हणाला, "अविवाहित लिहा. दहा गुण जागच्या जागी."

"आणि मुलगी कुणाची लिहू?"

"तिचंही नाव नको. पुढचं पुढे बघू."

खोटं कशाला सांगू, पेन क्षणभर थांबलं. मग रकान्यात तुझं नाव लिहिलं, त्याखाली लिनेटचं.

आता तू इंग्रजीत पास झालीस तरच ते पाच गुण मिळतील. शनिवारी परीक्षेला इलोइलो शहराची पहिली जीप धर, भात खाऊनच नीघ. तोंडी परीक्षेत घरच्यांबद्दल विचारतात. तेव्हा लाजू नकोस. माझ्याबद्दल भरपूर बोल, चुकलं तरी बोलत राहा.

लिनेटला पापा.

तुझाच,
रोडेल