आबांच्या गाठीभोवतीची गर्दी

३ फेब्रुवारी २०२५

आबांच्या आतड्यातली गाठ कॅन्सरचीच. लिव्हरवरही दोन ठिपके! घरात बी.एस्सी. झालेली मी, त्यांची लेक, एकटी, म्हणून रिपोर्ट माझ्या हातात दिला. डॉक्टरबाईंनी विचारलं, आधी घरात कुणाला कॅन्सर झालाय? आई लगेच म्हणाली, कुणालाच नाय.

१२ फेब्रुवारी

नव्या तपासणीचा रिपोर्ट आला. गाठीभोवती पांढऱ्या पेशींची गर्दी आहे! म्हणजे आबांच्या शरीराने तिला ओळखलंय. शहरात, उस्मानपुऱ्यातल्या माझ्या खोलीवर आबांना समजावत बसले. आबांचा जन्म कन्नड तालुक्यातल्या रानात मेंढरं राखण्यात गेला. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"कुत्री जमलीत म्हण की. मग लांडग्याला धरीत का नाय?"

गाठ त्या कुत्र्यांना गप्प बसवते, मी सांगितलं. इंजेक्शनने ती मोकळी होतील.

आबा आईला म्हणाले, पोरगी शिकली ते लई बरं झालं. मी मोरीत जाऊन रडले.

२६ फेब्रुवारी

पहिलं इंजेक्शन. आबांना झोप लागल्यावर त्यांच्या पोटावर हात ठेवला. मनात म्हटलं, धरा रे! वेडेपणा.

१९ मार्च

दुसरं. ताप नाही. अख्खी भाकरी खाल्ली.

५ मे

चार इंजेक्शनं झाली. गाठ निम्मी!!

डॉक्टरबाई म्हणाल्या, पेशी वाढताना त्यांच्या जनुकांत चुका होतात, आबांच्या गाठीत त्या दुरुस्त होत नाहीत. चुका साचून गाठ परकी दिसते, म्हणूनच पांढऱ्या पेशी धावल्या. पण हा दोष पिढीजात असू शकतो. घरात खरंच कुणी नाही?

आई परत नाय म्हणणार, तोच आबा बोलले. त्यांची बहीण, भागूबाई आत्या, चाळिशीत गेली. संडासातून रक्त जायचं. आजोबांचंही तसंच. खंडोबाचा नवस राहिला म्हणून गेले, असंच घरात म्हणत आले. आजार म्हणून कुणी धरलंच नाही. मीसुद्धा — एवढी शिकून!

जिन्यात आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मेंढीची आई, आजी, पणजी सांगतो मी. मानसांची कधी इचारली नाय. तू बी तपासून घे, बाई."

२९ मे

माझ्यात दोष आहे. गाठ अजून नाही. दरवर्षी दुर्बिणीने आतडं बघायचं.

आबांना सांगितलं. त्यांनी माझा हात धरला. मग म्हणाले, "येळंवर कळलं नव्हं?"

व्हय, आबा.

सोमवारी धाकट्या भावाचं, सत्यमचं रक्त तपासायचं.