अडलं तर कोणाला विचारणार?

प्रिय इशू,

हे पत्र तुला पाठवणार नाही, म्हणून सांगते. पहिल्या सेमिस्टरला मी गणितात नापास झाले. तुझे बाबा गेल्यावर फ्रिस्कोच्या घरात एकटीला बसवेना म्हणून कॉलेजात नाव घातलं, तेव्हा तू म्हणालीस, "मॉम, सीरियसली?"

मागे पडलेल्यांसाठी कॉलेजात एक वेगळा कोर्स असतो. आता मी त्यात आहे. अभ्यास कसा करायचा, मदत कशी मागायची, हे शिकवतात. परवा बाईंनी एकेकाला विचारलं, "अडलं तर कोणाला फोन कराल?" बहुतेक पोरं म्हणाली, "आईला." मी म्हटलं, "मुलीला." सगळे हसले, पण प्रेमाने. बाई म्हणाल्या, "मग आजच करा. हाच होमवर्क."

पार्किंगमध्ये गाडीत बसून तुझा नंबर काढला. मागच्या खेपेला तू मीटिंगमध्ये होतीस, त्याच्या आधीही. फोन न लावताच घरी आले.

आज बाईंनी विचारलं, "काय म्हणाली मुलगी?"

"खूप खूश झाली," मी सांगितलं. "रोज फोन करत जा म्हणाली."

अगं, सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या.

तुझी,
आई