काचेची टाकी

दादा,

अनवाणी आत येऊ नका. काचा आणि खारं पाणी उंबऱ्यापर्यंत आलंय. तुमच्या चौकातल्या विद्यापीठाच्या नामांतराला विरोध करणाऱ्या पोरांनी खिडकीतून दगड घातला. समुद्री मासे गेले. टाकीशी बसलेल्या शुद्धोधनचा डोळा फुटला, त्याला घाटी दवाखान्यात नेतोय.

ॲक्रिलिकवर लई ओरखडे पडतात म्हणून मी काचेवर अडून बसलो होतो. तुमचं मात्र एकच पालुपद, "ॲक्रिलिकच घे, दगड बसला तरी फुटत नाय." दगड येणार हे तुम्हाला ठाऊक होतं. शुद्धोधन रोज इथं येतो हेही ठाऊक होतं. त्याला "येऊ नको" म्हणायला तुमची जीभ का रेटली नाय?

फरशीवरचं रक्त मी पुसलेलं नाय. ते तुम्ही पुसा.

भिकन