अंड्यांच्या चौसष्ट ट्रेंचा स्टुडिओ

सांतियागो, तिवोलीच्या चढावरून
९ मार्च

माझ्या मुलीचे, मायेलिनचे, धर्मपिता, म्हणजे माझे कोंपाद्रे, श्री. अनिसेतो यांना फ्रोइलानचा आदरपूर्वक नमस्कार.

आपली प्रकृती उत्तम असेल, गुडघा आता जिना चढू देत असेल आणि ओल्गीनची हवा आपल्याला मानवली असेल, अशी आशा करतो. आमच्याकडे सर्व ठीक. सौ. ओदालिसचा रक्तदाब महिनाभर अगदी चांगला आहे (तो मोजायचं यंत्र महिन्याभरापूर्वी बिघडलं). माझा गळा सकाळी अकरानंतर सुटतो आणि दुपारी तीनला परत बसतो. म्हणजे सरकारी कचेरीपेक्षा जरा जास्तच चालतो. आपल्या कन्येस व जावईबापूंस आशीर्वाद सांगावेत.

एवढं लिहून झालं आणि ओदालिसने मागून वाचून विचारलं, "हे पत्र कोंपाद्रेला आहे की नगरपालिकेला?" तिचं खरं आहे. ज्या माणसाबरोबर पन्नास वर्षं एका माइकसमोर डोक्याला डोकं लावून गायलो, त्याला आपण-आपण करताना माझाही हात अवघडलाय. तेव्हा आता तू म्हणतो. राग मानायचा असेल तर मान, तसाही तीन वर्षं मानतोच आहेस.

जुना विषय मी मुळीच काढणार नाही. मायेलिनच्या निरोपाच्या जेवणात साठ माणसांसमोर मी गाण्याच्या चौथ्या कडव्यात असताना तू खुशाल तिसऱ्यात शिरलास, मग गिटार पिशवीत घातलीस, ताटातलं मांस तसंच टाकून निघून गेलास आणि पुढच्या महिन्यात बोचकं बांधून मुलीकडे ओल्गीनला राहायला गेलास, याबद्दल या पत्रात एक अक्षरही सापडणार नाही. हे पत्र निव्वळ कामाचं आहे. काम शेवटी लिहितो, कारण आधी लिहिलं तर तू पुढचं वाचणार नाहीस. तुझी सवय मला ठाऊक आहे.

तर बातमी अशी की मी घरात स्टुडिओ काढला. हसू नकोस. मायेलिनला मोंतेविदेओत जुलैमध्ये मूल होणार आहे. पोरीने कळवलं की बाळाला झोपवायला लिंबाच्या झाडाचं गाणं पाहिजे, तेच, जे ती जन्मली त्या आठवड्यात आपण दोघांनी पायरीवर बसून केलं होतं. तिकडून येणाऱ्या एका बाईंबरोबर तिने माइक पाठवला, लंगोटांच्या गठ्ठ्यात गुंडाळून (लंगोट परत पाठवायचे आहेत, ते चुकून आले). माइक हाताशी आला म्हटल्यावर बाकीचं काय, घरातच असतं, असं मला वाटलं. घरात होतं खरं, पण ते सगळं ओदालिसचं होतं.

माइकला स्टँड हवा. तो विकत मिळतो म्हणे, पण कुठे मिळतो हे सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. म्हणून सासूबाईंची कुबडी काढली, देव त्यांना शांती देवो, आणि सिमेंट भरलेल्या बादलीत उभी केली. उंची अगदी बरोबर आली. फक्त गाताना समोर त्या उभ्या आहेत असं वाटतं आणि वरचा सूर लावायला भीती वाटते. मग माइकवर थुंकी उडू नये म्हणून जाळी हवी. त्यासाठी भरतकामाच्या कड्यावर ओदालिसचा नायलॉनचा एक लांब मोजा ताणला. एकच घेतला, दुसरा तिच्यासाठी ठेवला, हा माझा समजूतदारपणा. पण एका पायात मोजा घालून चर्चला जाता येत नाही, हे मला नंतर तीन दिवस निरनिराळ्या शब्दांत समजावण्यात आलं. संगणक भाच्याचा जुना आहे, त्याच्या चार कळा नाहीत. हेडफोनचा डावाच कान चालतो, त्यामुळे मी स्वतःला निम्माच आवडतो. आणि गायची जागा म्हणजे ओदालिसचं कपड्यांचं कपाट. आत शिरून, झग्यांच्या मधोमध उभं राहून, दार ओढून घ्यायचं. आवाज फार मऊ येतो, पण दुसऱ्या ओळीला डांबराच्या गोळ्यांनी शिंक येतेच. खोलीच्या दाराला गादी टेकवून ठेवली होती, तेव्हा तीन आठवडे आम्ही फळ्यांवर झोपलो. पाठीचं विचारू नकोस.

आता तू म्हणशील, गाणं दोन आवाजांचं, आणि गाणारा एक. तेच तर यंत्राचं कौतुक आहे! आज पहिला आवाज गायचा, उद्या त्याच्यावर दुसरा आवाज चढवायचा, दोन्ही मीच. कुणाची मनधरणी नको, कुणाच्या गुडघ्याची चौकशी नको, कोण कोणत्या कडव्यात आहे याचा वाद नको. म्हटलं, पन्नास वर्षं उगाच दुसऱ्या माणसाला कॉफी पाजली.

पण गल्लीला कोण गप्प बसवणार? आमच्या खिडकीखाली डोमिनोचं टेबल आहे, तुला सांगायला नको, तूही त्याच्या दोन फळ्या फोडल्या आहेस. मी हात जोडून त्या चौघांना सांगितलं, बाबांनो, सोंगट्या आपटू नका, अलगद ठेवा. त्यांनी टेबलावर ब्लँकेट घातलं. दोन दिवस खेळले. तिसऱ्या दिवशी चौघेही वर आले आणि म्हणाले, "फ्रोइलान, तुझ्या नातवासाठी आम्ही काहीही करू. पण हा डोमिनो नाही, हे शिवणकाम आहे." आणि ब्लँकेट माझ्या हातात दिलं. शिवाय शेजारच्या सेनोबियाचं डुक्कर आहे. ते दिवसभर गुपचूप असतं, पण मी वरचा सूर धरला की तेही धरतं, आणि माझ्यापेक्षा जास्त वेळ धरतं.

यावर ज्याला विचारावं तो एकच उपाय सांगायचा : भिंतीला अंड्यांचे ट्रे लाव, आवाज आत येत नाही आणि बाहेर जात नाही. ट्रे कुठे आहेत हे मला माहीत होतं. आपल्या रेशनच्या दुकानात उबाल्दोकडे नाताळपासून अंडी आलेली नव्हती, त्यामुळे मागच्या खोलीत रिकाम्या ट्रेंचा ढीग छताला लागला होता. पण नियम तुला ठाऊक आहे. अंड्यांच्या गाडीला जेवढे रिकामे ट्रे परत द्यावे, तेवढेच भरलेले ती उतरवते, एकही जास्त नाही. उबाल्दो आधी नाही म्हणाला, मग गाणं मायेलिनच्या बाळासाठी आहे हे ऐकून विरघळला. म्हणाला, "ने. पण गाडी आली की त्याच क्षणी परत. संबंध गल्लीची अंडी तुझ्या भिंतीवर आहेत, हे ध्यानात ठेव." मी म्हटलं, ती गाडी काय, बाळ शाळेत जाईपर्यंत येत नाही.

चौसष्ट ट्रे मी चार दिवसांत लावले. युकाच्या कंदाच्या पिठाची घट्ट खळ शिजवली आणि एकेक ट्रे असा चिकटवला की माझ्या लग्नाची गाठही इतकी पक्की बसली नसेल (ओदालिस हे वाचणार आहे, तरी लिहितो). खोली इतकी देखणी झाली की लोक बघायला यायचे. सेनोबिया खुर्ची घेऊन आली आणि अर्धा तास नुसती बसली. म्हणाली, इथे स्वतःचं पोट वाजलेलं ऐकू येतं.

मग परवाच्या मंगळवारी सकाळी, वीज होती, गळा सुटला होता, आदल्या दिवशी गायलेला पहिला आवाज मी मोठ्या स्पीकरवर लावून ऐकत होतो, आणि खालून उबाल्दोची आरोळी आली, "फ्रोइलान! अंडी!" त्या आरोळीमागे सगळी गल्ली होती. जिन्यावर पावलं वाजली, दाराची गादी आडवी झाली, तिच्यावरून पंधरा-वीस माणसं आत आली. गाडीवाला खाली हॉर्न मारत होता, दहा मिनिटं थांबतो म्हणत होता. सेनोबियाने येतानाच उलथनं आणलं होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई माझ्याच खुर्चीवर चढून ट्रे खरवडायला लागली आणि ओरडली, "मेल्या, तू लिंबाची गाणी गातोस आणि माझी अंडी परत चाललीत!" डोमिनोवाले चौघे रांग लावून ट्रे जिन्यावरून खाली सोडत होते. गाणं स्पीकरवर चालूच होतं, बंद करायला कुणाला हात मोकळा नव्हता, आणि मंडळी काम करता करता त्याच्याबरोबर गातही होती. ते असो.

खळ मात्र चांगली शिजली होती. ट्रे निघाले ते भिंतीचा गिलावा घेऊन निघाले. गाडीवाल्याने एकेक ट्रे उलटा करून बघितला, म्हणाला, हे ट्रे आहेत की भिंत आहे? शेवटी उबाल्दोने त्याला कॉफी पाजून एकसष्ट ट्रे गळ्यात घातले. तीन फाटले होते. तेवढ्या तीन ट्रेंची अंडी गाडीत बसून परत गेली. ती कुणाच्या वाट्याची होती यावर अजून चर्चा चालू आहे, आणि मी जिन्यावरून उतरलो की ती थांबते. आमच्या वाट्याची मी न मागता सेनोबियाला नेऊन दिली. तिने घेतली, डुक्कर मात्र अजून माझ्याकडे बघत नाही.

तर काम असं. तुझे जावईबापू कोंबड्यांच्या फार्मवर आहेत. तिथे मोडके, बिनहिशेबी ट्रे पडलेले असणारच. त्यातले तीसेक कुणाकडून तरी धाडून दे, म्हणजे कुणाचं देणंघेणं नाही आणि गाडी आली तरी मला धडकी नाही. एवढंच काम. बाकी तुझ्याशी माझं काही बोलणं नाही.

ओदालिसचा तुला आणि घरच्यांना नमस्कार. मुलांना गोड पापा.

तुझा (अजून रागावलेला),
फ्रोइलान

ता. क. वर "मंडळी गातही होती, ते असो" असं लिहिलं आहे, ते तू सोडून देणार नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून सांगून टाकतो. दुसरं कडवं संपलं. स्पीकरमधून मी पुढे गायला लागलो, आणि उरलेली सगळी खोली वेगळंच गायला लागली. मी चौथ्यात, आणि ती पंधरा-वीस माणसं, सेनोबियासकट, तिसऱ्यात. सगळे थांबले. सेनोबिया खुर्चीवरून खाली न उतरताच म्हणाली, "परत गाळलं बघा ह्याने. मायेलिनच्या जेवणात गाळलं होतं तसंच." मी म्हटलं, तुम्हाला माहीत होतं? तर उबाल्दो म्हणतो, सगळ्या गल्लीला माहीत आहे. मी म्हटलं, मग तीन वर्षांत मला कुणी सांगितलं का नाही? तो म्हणाला, "तू विचारत कुठे होतास? तू तर सांगत होतास."

ता. क. २. ते सगळे गेल्यावर मी संगणकात होतं तेवढं सगळं ऐकलं. नऊ वेळा गायलो होतो. नऊही वेळा तिसरं कडवं नाही. मी दार लावून घेतलं आणि बराच वेळ कपाटातच बसलो. मग मला कळलं, अनिसेतो. ते कडवं तुझं आहे. तूच केलंस, तिच्या पहिल्या बुटांचं, आणि इतक्या वर्षांत ते मी कधी सुरूच केलेलं नाही. दुसरं संपलं की मी तुझ्याकडे बघायचो, तू मान हलवायचास, सुरू करायचास, मी मागून यायचो. त्या दिवशी मी तुझ्याकडे बघितलं नाही. मी मायेलिनकडे बघत होतो. तिची बॅग दारात भरून ठेवली होती. चूक माझी होती आणि तुझ्या कडव्यावर मी साठ माणसांसमोर पाय देऊन गेलो. मला माफ कर. हे बोलता येत नाही म्हणून इतकं लांब पत्र लिहिलं.

ता. क. ३. मायेलिनने "गाणं पाठव" एवढंच म्हटलेलं नाही. तिने लिहिलंय, "बाबा, तुम्ही दोघांनी गायलेलं पाठवा, एकट्याचं नको, एकट्याचं मला रडवेल." हे मी वर लिहायचं विसरलो (विसरलो नाही). दुसरा आवाज मी स्वतः गाऊन बघितला. स्वतःशीच भांडतोय असं वाटतं, आणि भांडणात दोघेही हरतात.

ता. क. ४. ट्रे पाठवू नकोस. काल निदिया येऊन गेली, रेडिओवर आयुष्यभर ध्वनी सांभाळलेली बाई. तिने टाळी वाजवली, खरवडलेल्या भिंती बघितल्या आणि म्हणाली, ट्रेने आवाज अडत नाही, कधीच अडत नव्हता. तेव्हा डुक्कर आणि डोमिनो बाळाला ऐकू येणारच, येऊ देत. गादी परत पलंगावर घातली आहे आणि ओदालिसने तुझी उशी उन्हात टाकली आहे, मी काही न सांगता. यंत्रात तुझ्या आवाजासाठी एक ट्रॅक रिकामा ठेवला आहे. आज सकाळी परत गायलो, दुसरं कडवं संपल्यावर थांबलो आणि गिटार वाजवत राहिलो. आता मला थांबता येतं. तू ये आणि तिसरं सुरू कर.