कँटीनची हवा

प्रिय धाकट्या,

परवा तू सफरचंदं घेऊन आलास, भावोजींचे पाय चेपलेस, आणि निघताना जिन्यात मला हळूच विचारलंस, की रंगखात्यातल्या आजारपणाची चौकशी करणारे साहेब कँटीनमध्ये तुलाही भेटले का गं. ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी खोड जुनीच. तेव्हा मी गप्प बसले, कारण तोंड उघडलं असतं तर हातही उठला असता, आणि आजारी माणसाच्या घरात आरडाओरडा बरा दिसत नाही. आता शांतपणे लिहिते. शांतपणे म्हणजे रागानेच, पण बसून.

यांची तब्येत तशीच आहे. लघवीची पिशवी लावली आहे. तिच्यातला लाल रंग बघून अजूनही विनोद करतात, की इतकी वर्षं कापड रंगवलं, आता आतूनच रंग सुटतोय. कारखान्यात सगळे यांना 'मोर' म्हणायचे. कधी निळे, कधी हिरवे होऊन घरी यायचे. उशीच्या अभ्र्यावर घामाचा पिवळा डाग पडायचा, तो उकळत्या पाण्यानेही निघत नसे. मी तुला विचारलं, तर म्हणालास, ताई, आम्ही हवा तपासतो ना, अहवाल अगदी स्वच्छ आहे. भाऊच सुरक्षा अधिकारी म्हटल्यावर मला कसली आलीय काळजी!

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी यांना आधी सिगारेटचं विचारलं, मग कामाचं. रंगखातं म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. काही रंगांमधल्या रसायनांनी मूत्राशयाचा कॅन्सर होतो, हे फार पूर्वीपासून माहीत आहे, म्हणाल्या. तुमच्याकडे हवा मोजत नव्हते का? मोजत होते की, मी ठसक्यात सांगितलं. कामगाराच्या गळ्यापाशी छोटा पंप अडकवतात, तो दिवसभर हवा ओढून घेतो. आणि सांगता सांगता हात माझ्याच गळ्याशी गेला.

मला तो पंप इतका नीट ठाऊक कसा? तर तो माझ्याच गळ्यापाशी असायचा. तपासणीच्या दिवशी सकाळी तू कँटीनमध्ये यायचास, माझ्या एप्रनला तो अडकवायचास, आणि म्हणायचास, ताई, आज एवढं सांभाळ, रंगखात्यातली माणसं तो आपटतात. मी चहाच्या पातेल्यापाशी उभी राहून दिवसभर त्याला जपायची, वाफ लागू नये म्हणून अंग चोरून वावरायची. केवढा मान वाटायचा मला! आणि तू कँटीनची हवा मोजून ती रंगखात्याची म्हणून पाठवत होतास. एका भिंतीपलीकडे नवरा विष हुंगत होता आणि मी अलीकडे त्याच्या हवेला चांगल्या वर्तणुकीचा दाखला देत होते. माझ्याच हातांनी तू माझा केसाने गळा कापलास रे. वैऱ्यालाही थोडी लाज वाटली असती.

काल मी त्या साहेबांपुढे जाऊन हे सगळं सांगितलं आणि खाली सही केली. तुझी नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही होईल. मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. आई रडेल, रडू दे. पण तेवढ्याने माझं समाधान होणार नाही. यांना अजून यातलं काहीच माहीत नाही. तुझं नाव निघालं की चेहरा उजळतो. म्हणतात, धाकट्याने नोकरी लावून दिली म्हणून आपला संसार उभा राहिला, जायच्या आधी त्याचे एकदा नीट आभार मानायचेत, बोलाव त्याला. म्हणून हे पत्र. रविवारी ये. ते तुझा हात हातात घेतील, आभार मानतील. मधेच तोडू नकोस, शेवटपर्यंत ऐकून घे. मग त्यांच्या डोळ्यांत बघून, तो पंप कुणाच्या गळ्यात होता, ते तुझ्या तोंडाने सांग. मी दाराला आतून कडी घालून उभी असेन.

नाइलाजाने तुझीच,
ताई