बुरशी आणि माझी सुटका

३ जून, सकाळ
खात्री झाली. खालच्या प्लॉटमधल्या कॉफीच्या मुळांवर गाठी आहेत आणि त्या सूत्रकृमींच्या आहेत. लॅबमधल्या बाईंनी स्वतः फोन करून सांगितलं. सासरेबुवा झाडं उपटायलाच निघाले होते. मी अडवलं. म्हटलं, कृमींना खाऊन टाकणारी बुरशी मिळते, माझ्यावर सोडा. ‘थोडे दिवस मदतीला’ म्हणून या मळ्यावर आलो, त्याला तिसरं वर्ष लागलं. मग ते बोलले, "जावईबापू, प्लॉट सावरला तर तुम्हा दोघांना मी स्वतः शहरातल्या घरी सोडून येतो." सुटलो!

५ जून
बाईंनी पाकिटं दिली. पांढरी पावडर. शेणखतात मिसळून ढीग सावलीत ओला ठेवायचा, मग मुळाशी घालायचा. पुढेही बरंच सांगत होत्या. मी मोबाईलवर आमच्या बाल्कनीचे फोटो बघत होतो. मुद्दा लक्षात आला होता.

६ जून
संकल्प: रोज पहाटे उठून ढिगाला पाणी.

७ जून
हवेतच ओलावा पुष्कळ आहे.

१८ जून, दुपार
घात! ढिगावर केसाळ, हिरवट बुरशी. आपली पावडर कशी शुभ्र, शिस्तीची. ही भलतीच कुणीतरी घुसलेली. घरात बोललो नाही, सासरे लगेच उपटायला निघाले असते. शेडमधलं बुरशीनाशक काढलं, ढीग खालीवर करून पंप रिकामा केला.

२१ जून
ढीग एकदम स्वच्छ. वेळेवर निर्णय घेणं हा माझा गुणच आहे.

२४ जून
खत मुळाशी घातलं. बॅग भरायला घेतली. ही म्हणाली, जरा थांबावं. हिला माहेर सुटत नाही, दुसरं काय.

३० जुलै
पानं पिवळी पडतायत. जुनी गळल्याशिवाय नवी कुठून येणार?

२१ ऑगस्ट
बाई आल्या. एक झाड सहज ओढलं, तर हातातच आलं. खाली मुळं जवळजवळ नाहीत. ढिगाचं विचारलं. मी सगळी मोहीम सविस्तर सांगितली. त्यांनी हातातलं झाड खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "अहो, ती आपलीच होती. वाढली की तशीच दिसते."
पावडरीचे केस होतात, हे आधी सांगायला नको?

२२ ऑगस्ट
वाटलं, सासरे हाकलून देतील. मनाची तयारीही केली होती, खरं तर बॅगही दाराशी ठेवली होती. ते चिडलेच नाहीत. उलट म्हणाले, एवढं शिकलात, आता वाया कशाला घालवायचं, तिथली नवी लागवड तुमच्याकडेच. हिने बॅगेतले शर्ट काढून कपाटात लावले. उगाच सुरकुत्या पडतात म्हणे.
एका अर्थी हे प्रमोशनच.
उद्या सकाळी झाडं उपटायची. मग जमीन उन्हात तापवायची, बाईंच्या देखरेखीखाली बुरशी घालायची, मग रोपं. पहिलं पीक तिसऱ्या वर्षी, असं मी धरलंय. बाई म्हणतात, चौथ्या.