गाऱ्हाण्याला नाव लागतं

२७ एप्रिल १९५८
शाळेला सुट्टी लागली तसे हे मालवणात जाऊन आले. वाचनालयातून कादंबरी घेऊन. लग्न झाल्यापासून पंचांग आणि शाळेची पुस्तकं सोडून ह्यांच्या हातात दुसरं काही पाहिलेलं नाही. म्हटलं, ही कोणी दिली? "थंय सगळे म्हणतत, वाचून रडाक येता." म्हणजे तुम्हाला रडायचं होतं वाटतं. हसले नाहीत.
पुस्तकाचा पुठ्ठा फाटलेला, लेखकाचं नाव गेलेलं. असलं निनावी पुस्तक मी घरात घेतलं नसतं.

३० एप्रिल
ह्यांचं पु. वाचून झालं. फणसाखाली बसून होते, पु. मिटून मांडीवर. चहा तसाच. रडले मात्र नाहीत. रडले असते तर बरं, सगळेच रडतात म्हणे. कशी आहे विचारलं. "बरी आसा." बऱ्या पुस्तकानं चहा गार होत नाही.

२ मे
कोकमासाठी रातांबे फोडायला काशीमावशी नि शेजारची सगुणा. त्या फोडतात, मी वाचून दाखवते, हे दरसालचं. अक्षर नीट मला एकटीलाच लागतं. गेल्या साली व्रतकथा झाल्या, यंदा हे.
माधव नि वसंत, जिवाचे मित्र, शिकायला वसतिगृहात. तिथल्या मास्तरांचं घड्याळ जातं. घेतलेलं वसंतानं, नुसतं बघायला म्हणून. परत ठेवायचा धीर होत नाही. आळ माधववर येतो, त्याला हाकलतात आणि वसंत गप्प बसतो.
इथं मी तीच ओळ दोनदा वाचली. दोघी रातांब्यांकडे बघत राहिल्या, माझ्याकडे कोणी बघेना. त्यांना सगळं ठाऊक आहे. माझ्या दादाला, अनंतदादाला, सावंतवाडीच्या वसतिगृहातून असंच काढलं होतं. चांदीचं फुलपात्र चोरलं म्हणून. चालत घरी आला, तापानं पडला, पुन्हा उठला नाही. शेवटपर्यंत एकच बोलणं, मी घेतलं नाही.
हे तेव्हा त्याच्याच खोलीत राहायचे.

३ मे
झोप नाही. चोराची बहीण म्हणून माझी स्थळं उंबऱ्यावरून परत जायची. मग हे स्वतः मागणी घालायला आले. हुंडा नको, मानपान नको. आई म्हणाली, देवमाणूस. मीही आजवर तेच म्हणत आले. आज पहिल्यांदा मनात आलं, देवमाणसाला एवढी घाई कसली होती?
ह्यांना काही बोललेले नाही. संशयाचं गोचिडीसारखं आहे, फुगल्यावरच हाताला लागतो.

५ मे
पु. संपलं. वसंत माधवच्या आईला म्हातारपणी सांभाळतो. ती मरणार त्याच्या आदल्या दिवशी, तिनं विचारलेलं नसताना, आपण होऊन सगळं सांगतो. ती त्याच्या तोंडावरून हात फिरवते.
दोघी रडल्या, आणि रडता रडता भांडल्या. सगुणा म्हणे, "कसली माफी? मेलो तेचा नाव धुतल्यान काय कोणी?" मावशी म्हणे, "सांभाळल्यान मगे तिका. आणखी काय करतलो? माधवाक भयण आसती तर तिच्याशी लगीनसुद्दा केल्यान आसता."
मावशीच्या पोटात काही नव्हतं, ओठांतून निघून गेलं. पण मला तिथं बसवेना. मीठ आणते म्हणून आत गेले आणि मिठाच्या मडक्यापाशी उभी राहिले.

७ मे
रातांबे अजून चाललेत, आणि त्यांच्याबरोबर पु.चं चर्वितचर्वण. आज हे पडवीत सुतळी वळत होते. मधेच म्हणाले, "माधवान जाताना एकदासुद्दा वळान बघूक नाय तेच्याकडे. तीच तेका शिक्षा."
असं पु.त नाही. तिथं माधव फाटकापर्यंत वळून वळून वसंताकडे बघतो. अख्खी कादंबरी त्या बघण्यावर उभी आहे. दोघी गेल्यावर ते पान काढलं, पुढचं मागचंही वाचलं. नाहीच.
म्हटलं, न वळल्याचं कुठं वाचलंत? "आसा थंयच खंय तरी." आणि कळशी घेऊन विहिरीवर गेले. घरात पाणी भरलेलं होतं.

८ मे
मनाची समजूत घालायला मावशीला विचारलं, माधव वसतिगृहातून निघतो तेव्हा काय होतं गो? "पेज न खाता गेलो बाय. गरम पेज तशीच रवली." पु.त पेज नाही. सगुणाला विचारलं. तिचं म्हणणं, वसंताच्या बायकोला पहिल्यापासून सगळं माहीत होतं. पु.त वसंताला बायकोच नाही.
सुटल्यासारखं वाटलं. ऐकणारे सगळेच चुकतात, मग ह्यांनाच का धरून बसायचं?
संध्याकाळी भाकरी थापताना उमगलं. मावशीचा मुलगा गोपाळ भांडून मुंबईला गेला तो पेज न खाताच. सगुणाच्या नवऱ्याचं दुसरं घर तिच्यासकट गावाला माहीत. जिनं तिनं आपलं आपलं घातलंय त्या पुस्तकात.
मग ह्यांनी कोणाचं घातलं?
भाकरी करपली. हे निमूट जेवले. एरवी बोलले असते.

१० मे
नवीनच. मावशीच्या स्वप्नात माधव आला, पेज मागतो. "तो पोरगो खंय वाटेत अडाकलो आसा गो. देवाक सांगूक होया." म्हटलं, मावशी, तो कादंबरीतला. "छापलेला आसा मां? मगे खोटा कसा आसात?" नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं नक्की झालं. सगुणाही तयार, जी माफीच द्यायला तयार नव्हती.
ह्यांना गंमत म्हणून सांगितलं. वाटलं हसतील, मास्तर आहेत. म्हणाले, "मी पण येतंय." जत्रा सोडली तर देवळाची पायरी न चढणारा माणूस. मला नाही आवडलं ते.

११ मे
देवळात जाऊन आलो. गुरवाला मावशीनं कथा आधीच सांगून ठेवली होती. त्यानं नारळ घेतला नि विचारलं, "नाव काय तेचा?" गाऱ्हाण्याला नाव लागतं. नाहीतर देवानं कोणाचं ऐकायचं? मावशी तोंड उघडते तोवर हे बोलले.
"अनंत."
मावशीचं तोंड तसंच राहिलं. गुरवाला काय, त्यानं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, ह्या अनंतावर जो काय खोटो आळ इलो, तो दूर कर म्हाराजा." "व्हय म्हाराजा." म्हटलं सगळ्यांनी, ह्यांचा आवाज सगळ्यांच्या वर. "तो ज्येच्यामुळे इलो, तेका पण पदरात घे म्हाराजा." "व्हय म्हाराजा." ह्यात ह्यांचा आवाज नव्हता. मी कान लावून होते, त्यामुळे माझाही व्हय राहिला.
दादाचं नाव इतक्या वर्षांनी कोणी चारचौघांत मोठ्यानं घेतलं. चोर म्हणून नाही घेतलं. मला रडू आलं आणि रागही आला, कुठलं कशाचं ते सांगता येणार नाही. येताना मावशीनं माझा हात धरला होता. हे पुढे, मागे न बघता.

१२ मे
पु. सकाळीच पिशवीत घालून ठेवलंय ह्यांनी, परत करायला. गेले नाहीत.
दुपारी पान वाढलं. हात न लावता बसून राहिले. मग म्हणाले, "तुका काय विचारूचा आसा, ता विचार. मी सांगतंय."
वसंतानं न विचारता सांगितलं होतं. ह्यांना विचारायला मी हवी.
ओठावर आलेलं. पण ते फुलपात्र ह्यांनी घेतलं नसेल तर इतके दिवस मी ह्यांच्या डोळ्याला डोळा दिला नाही तो उगाच. आणि घेतलं असेल तर उद्या चूल ह्याच घरात पेटवायची आहे, दादाला मनात घेऊन. दोन्हीकडून सापडते मीच.
म्हटलं, "आधी जेवा."
जेवताहेत. मी उंबऱ्याशी बसून हे लिहिते आहे. एरवी चार घासांत उठणारा माणूस, आज शीत न् शीत वेचतो आहे. वर बघत नाहीत.
पानात अजून थोडा भात आहे.